कु. भालशंकर संस्था सोडून गेल्या

सोपानराव चार दिवस रोज पुण्याला जाऊन आले आणि पाचव्या दिवशी सकाळी ग्रंथालयाचं कुलूपही न काढता तपासणी विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. हातात फुलस्केप कागदांची गुंडाळी होती आणि चेहरा असा उतरलेला, की कुणालाही वाटावं, यांच्या घरी काहीतरी विपरीत घडलंय.

"बाई, जरा भाईर येता का?"

विमलबाई ओव्हाळ काचेच्या बारीक नळीत पांढरी पूड ठासत होत्या. त्यांनी नळी स्टँडला अडकवली, हात पुसले आणि व्हरांड्यात आल्या.

"काय झालं, सोपानराव?"

"तुमच्या नावापुढं भोपळा आलाय, बाई. चार येळा बघितलं. भिंग लावून बघितलं. ओव्हाळ नावाचं माणूसच न्हाई त्या बुकात."

ही गोष्ट १९८० सालच्या जानेवारीतली. भोसरीच्या पुढे नाशिक रस्त्याला धान्य-बुरशी संशोधन संस्था होती. शेंगदाणा, मका, ज्वारी असं साठवणीचं धान्य कुजू नये, त्यात विष तयार होऊ नये, यावर तिथं काम चाले. वर्षभरापूर्वी संस्थेत नवे संचालक आले आणि त्यांनी बढतीचा नवा नियम काढला. नोकरीत किती वर्षं काढली ते सांगू नका, लेख किती लिहिले तेही सांगू नका. तुमच्या लेखाचा दाखला जगात किती जणांनी आपापल्या लेखांत दिला ते दाखवा, आणि बाहेरच्या कुठल्या प्रयोगशाळांबरोबर काम केलं ते दाखवा. दाखले मोजण्यासाठी अमेरिकेत दर वर्षी जाडजूड ग्रंथ निघत. मुंगीच्या पायाएवढं अक्षर, लेखकांची आडनावं ओळीनं लावलेली आणि प्रत्येकाच्या खाली त्याचे दाखले. ते ग्रंथ पुण्यातल्या एका मोठ्या ग्रंथालयात होते. संस्थेतल्या अकरा उमेदवारांचे दाखले मोजून आणायला ग्रंथालयाचे कारकून म्हणून सोपानरावांना पाठवलं होतं. सोपानराव मूळचे मोशीचे शेतकरी. त्यांची तीन एकरं संस्थेच्या आवारात गेली, त्याबदल्यात ही नोकरी मिळालेली. पण काम चोख.

विमलबाईंना संस्थेत सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षं त्या कनिष्ठ सहायकच होत्या. त्यांचं नाव असलेले चौदा लेख छापून आले होते. त्यामुळे भोपळा ऐकून त्यांना आधी हसूच आलं.

"असं कसं होईल? चौदा लेखांवर नाव आहे माझं."

"नाव हाय, पर दुसरं हाय. त्या बुकात पहिल्या नावाखालीच दाखले लावत्यात. मागच्याला कुणी इचारत न्हाई. तुमच्या समद्या लेखांवर पहिलं नाव इनामदारसायबांचं."

हे खरं होतं. विभागप्रमुख डॉ. इनामदार यांचं नाव पहिलं असणं ही विभागाची रीतच होती. काम कुणीही करो.

"पण सगळ्या नाही," विमलबाई म्हणाल्या. "पासष्ट सालचा शेंगदाण्याच्या विषाचा लेख बघितलात का?"

"त्यो व्हय!" सोपानरावांचे डोळे चमकले. "त्यो तर सगळ्यांत भारी. एकशे सत्त्याऐंशी दाखले, बाई! जपान, नायजेरिया, रशिया, कुठं कुठं. आपल्या अख्ख्या संस्थेत दुसऱ्या कुणाचे तीसच्या वर न्हाईत. पर त्यो तुमचा कुठं? त्यो भालशंकर म्हणून कुणा बाईचा. दुसरं नाव सायबांचं. सायबांनी त्यांच्या यादीत घातलाय म्हणून तर मी बघितला. ही काय यादी."

त्यांनी गुंडाळीतून एक टाइप केलेला कागद काढून दिला. पहिल्याच ओळीत तो लेख होता आणि त्याखाली इंग्रजीत टीप होती. तिचा अर्थ असा : सहलेखिका कु. भालशंकर विवाहामुळे संस्था सोडून गेल्या. काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालेले असल्याने सर्व दाखले माझ्या नावे धरावेत.

विमलबाईंनी टीप दोनदा वाचली. भिंतीपलीकडे डॉ. इनामदार टेलिफोनवर कुणाशी तरी मोठ्यानं हसत होते. रोज सकाळी त्या त्याच माणसाच्या टेबलावर आदल्या दिवशीचे निकाल नेऊन ठेवत होत्या. कालही ठेवले होते.

"सोपानराव," त्या म्हणाल्या, "ती भालशंकर मीच."

सोपानराव एकाहत्तर साली नोकरीला लागलेले. त्यांना काय माहीत असणार? 

कस्तुरा धोंडीबा भालशंकर हे त्यांचं माहेरचं नाव. वडील धोंडीबा आधी चाकणच्या बाजारात शेंगांच्या गोदामावर हमाल होते, मग पिंपरीच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागले. छप्पन साली दीक्षा घेतली त्याच महिन्यात त्यांनी बायकोला सांगून टाकलं, पोर जितकी शिकेल तितकी शिकवायची. कस्तुरा बी.एस्सी. झाली, पुण्याला सायकल-बस करत एम.एस्सी. झाली आणि बासष्ट साली संस्थेत चिकटली. तेव्हा संस्था म्हणजे माळावरच्या दोन बराकी होत्या.

शेंगदाण्यातलं बुरशीचं विष त्या वेळी जगभर नवं नवं कळलं होतं. ते तपासायचं तर परदेशी यंत्रं लागत, महाग द्रावणं लागत आणि एका नमुन्याला दीड दिवस लागे. कस्तुराच्या डोक्यात वडिलांचं बोलणं होतं. धोंडीबा म्हणत, पोत्यात हात घातला की कुबट माल आम्हाला कळतो, पण व्यापाऱ्याला पटवून कोण देणार? त्याला डोळ्यांनी दिसेल असं काही पाहिजे. दोन वर्षं ती त्याच्यामागे लागली. वडिलांच्या ओळखीनं चाकणच्या आणि महाळुंग्याच्या गोदामांतून पिशव्या भरभरून दाणे आणले. शेवटी तिनं अशी रीत बसवली, की दाणे दळायचे, द्रावणात हलवून गाळायचे आणि ते पाणी पांढरी पूड भरलेल्या बारीक नळीतून सोडायचं. जांभळ्या दिव्याखाली नळी धरली की विष असेल तर निळं कडं उजळे. अर्ध्या तासात काम. गोदामातला मुकादमसुद्धा करू शकेल इतकं सोपं.

तेव्हाचे म्हातारे संचालक निवृत्तीला टेकले होते. त्यांनी लेख वाचला आणि स्वतःच्या हातानं डॉ. इनामदारांचं नाव खाली घेऊन कस्तुराचं वर लिहिलं. "काम हिनं केलंय," एवढंच म्हणाले. वर्षभरानं ते गेले.

सहासष्ट साली कस्तुराचं लग्न झालं. नवरा जयसिंग ओव्हाळ आकुर्डीच्या एका कारखान्यात फिटर. माणूस सरळ. फक्त एक अडचण निघाली. सासूबाईंचं नावही कस्तुरा. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत म्हणून मांडवातच नाव बदललं, विमल. कस्तुरा धोंडीबा भालशंकरची विमल जयसिंग ओव्हाळ झाली; नाव गेलं, वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, एक अक्षर जागेवर राहिलं नाही. राजपत्रात छापून आलं, संस्थेच्या सेवापुस्तकात जुनं नाव लाल शाईनं खोडलं. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्याच पोरींची नावं बदलत होती. आणि लग्नानंतर आठव्या दिवशी ती त्याच बराकीत, त्याच टेबलाशी कामाला बसली होती. संस्था सोडून ती गेली कुठे होती?

सोपानरावांना हे सगळं व्हरांड्यात उभ्याउभ्याच सांगून झालं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मंग बाई, त्या पत्रांचं काय?"

"कसली पत्रं?"

"मिस भालशंकरच्या नावानं येत्यात ती. आवक कारकून सायबांच्या टेबलावर ठेवतो. सायेब जमेल तशा लेखाच्या छापील प्रती धाडायचे आन पत्रं आमच्याकडं फायलीला लावायला द्यायचे. मला वाटलं, कुणी गेलेली बाई असंल."

ग्रंथालयातली ती फाइल दोन हातांनी उचलावी लागली. रंगीबेरंगी तिकिटांची पोस्टकार्डं, शंभराच्या वर. प्रिय मिस भालशंकर, आपल्या लेखाची प्रत पाठवावी. प्रिय डॉ. भालशंकर, आपली रीत आम्ही मक्याला लावून पाहिली, एक शंका आहे. चौदा वर्षं जग त्यांच्याशी बोलत होतं आणि त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. त्या एकेक कार्ड उलटत गेल्या. मधेच एक लांब लिफाफा टाचलेला सापडला. फेब्रुवारी एकोणसत्तर. बुडापेस्टच्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंचं पत्र. मिस भालशंकर यांनी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे यावं, नळीची रीत आपण मिळून पुढे न्यावी, जाण्यायेण्याची आणि राहण्याची व्यवस्था आम्ही करू.

त्याच्याच मागे उत्तराची कार्बन प्रत होती. मिस भालशंकर यांचे लग्न झाले असून त्या आता संशोधनात नाहीत. ज्याच्या मार्गदर्शनाखाली हे काम झाले तो मी स्वतः येण्यास तयार आहे. खाली डॉ. इनामदारांची सही.

विमलबाई खुर्चीत बसल्या. त्यांना तो सप्टेंबर लख्ख आठवला. त्यांना दिवस जाऊन सातवा महिना चालू होता. साहेब परदेशी निघाले म्हणून अख्खा विभाग पुणे स्टेशनवर हार घेऊन गेला होता. आणि आदल्या आठवड्यात साहेबांनी सांगितलं होतं, बाई, तुमच्या हातच्या वीस नळ्या भरून द्या, तिथं दाखवायच्या आहेत. त्यांनी पोटाचा भार सांभाळत, उभं राहून वीस नळ्या भरल्या होत्या. फुटू नयेत म्हणून एकेक कापसात गुंडाळून खोक्यात लावली होती. हौसेनं.

"बाई, पाणी आणू का?"

"नको. ही फाइल मी नेते."

त्या तशाच डॉ. इनामदारांच्या खोलीत गेल्या. दार ढकलताना विचारलं नाही, बसा म्हणण्याची वाट पाहिली नाही. पत्र आणि कार्बन प्रत टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा लावून बघितलं. मग चष्मा काढून पुसला.

"जुनी गोष्ट आहे ही, बाई."

"मी लग्न होऊन कुठं गेले होते, सर?"

"हे बघा, परदेशी लोकांना थोडक्यात कळवायचं असतं. नाव बदललं वगैरे घोळ कोण सांगत बसणार? आणि तुम्हाला तेव्हा दिवस गेले होते. विचारलं असतं तर तुम्ही गेला असता का?"

"कदाचित नसतेही गेले. पण ते 'नाही' मी म्हटलं असतं. तुम्ही कोण माझ्या वतीनं नाही म्हणणारे? आणि नाही म्हणून वर स्वतः जाणारे?"

"आवाज खाली घ्या."

"तुमच्या यादीत आत्ता, गेल्या महिन्यात टाइप केलेल्या यादीत, मी संस्था सोडून गेले असं लिहिलंय. तुमच्या शेजारच्या खोलीत बसते मी! तो घोळ कुणाला समजवायचा होता, सर? तो कागद काही बुडापेस्टला जाणार नव्हता."

साहेब उठून खिडकीशी गेले. "लेखावर तुमचं नाव पहिलं आलं ते काही मोठेपणानं नव्हे. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नावं लावली होती. बी आधी, आय नंतर. नंतरच्या लेखांतही तसंच. आय आधी, ओ नंतर."

हे ऐकल्यावर विमलबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसानं हेही शोधून ठेवलं होतं. लग्नानं त्यांना 'बी'वरून 'ओ'वर नेलं, तेसुद्धा त्याच्या पथ्यावर पडलं होतं.

"मग बहात्तरच्या लेखात आपल्या विभागातल्या चव्हाणांचं नाव तुमच्या मागे कसं?" त्या म्हणाल्या. "सी तर आयच्या आधी येतो."

त्या फाइल उचलून बाहेर पडल्या.

घरी गेल्यावर त्यांनी जयसिंगना सगळं सांगितलं. ते पहिल्या शिफ्टहून येऊन चहा पीत बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी बशी खाली ठेवली. "मी येतो उद्या. बघतोच त्याला," म्हणून उठले. विमलबाईंनी त्यांना बसवलं. "तुम्ही आलात तर तेवढंच म्हणतील, नवऱ्याला घेऊन आली. मला कागदावर लढायचंय."

सासूबाई उंबऱ्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. मधला इंग्रजी भाग त्यांना कळला नाही, पण मूळ मुद्दा कळला.

"म्हंजी माझ्या नावापायी तुजं नाव गेलं?"

"तसं नाही हो, आत्या."

"तसंच की. मला सांग, मला नावानं हाक कोण मारतं आता? माजा धनी गेला, मोठी नणंद गेली. समदी आय म्हणत्यात न्हाईतर आजी. चौदा वर्सं ते नाव कुणाच्या तोंडातबी न्हाई आन तुला मातूर त्याच्यापायी चोरी झाली. घे तुजं नाव परत. कोण काय म्हणतंय बघू."

विमलबाई इतका वेळ कोरड्या होत्या. तेवढ्यानं त्यांना रडू आलं.

निवड समिती एप्रिलमध्ये बसली. संचालक, बाहेरचे दोन तज्ज्ञ, प्रशासन अधिकारी बबनराव आणि आणखी एक. विमलबाईंनी एकशे सत्त्याऐंशी दाखले आपल्या नावे धरावेत असा अर्ज केला होता. सोबत राजपत्राचं पान जोडलं होतं.

"यावरून एवढंच सिद्ध होतं," बबनराव म्हणाले, "की कुणा कस्तुरा भालशंकरचं नाव विमल ओव्हाळ झालं. लेखातली के. डी. भालशंकर तीच, हे कशावरून?"

"भोसरीत तेव्हा भालशंकर नावाच्या किती बाया बुरशी तपासत होत्या हो?"

बाहेरच्या तज्ज्ञांपैकी एक जण हसला. बबनराव नाही हसले. "सेवापुस्तक बघावं लागेल. ते मुंबईला मुख्य कार्यालयात आहे."

विमलबाईंनी पिशवीतून चौसष्ट सालची प्रयोगवही काढली. त्यांच्या अक्षरात, तारीखवार, प्रत्येक पानाखाली के. डी. बी. अशी सही आणि तिच्याखाली तपासणाऱ्याची : डॉ. इनामदार. समितीनं वही हातोहात फिरवली. मग दुसरे तज्ज्ञ घसा खाकरून म्हणाले, "तुम्हीच त्या, हे मान्य केलं तरी बाई, लोकांनी दाखला दिलाय तो एका रीतीचा. रीत म्हणजे संशोधन नव्हे. आणि लेख दोघांचा. तेव्हा फार तर अर्धं श्रेय."

"डॉ. इनामदारांच्या यादीत हीच रीत संशोधन होती ना? त्यांना दाखले किती धरलेत?"

संचालकांनी कागद पाहिला. "एकशे सत्त्याऐंशी."

"त्यांच्या वेळी अख्खा, माझ्या वेळी अर्धा? त्यांच्या वेळी संशोधन, माझ्या वेळी नुसती रीत? साहेब, मोजायचं तर मोजा, माझी ना नाही. मी आयुष्यभर तेच करत आले. पण माप एक ठेवा. नमुना बदलला की आम्ही काटा बदलत नाही."

विमलबाईंना बाहेर थांबायला सांगितलं. पाऊण तासानं आत बोलावून संचालकांनी निर्णय वाचून दाखवला. दाखले दोघांनाही समान धरण्यात येत आहेत. मात्र बाहेरच्या प्रयोगशाळांबरोबर संयुक्त काम या निकषावर श्रीमती ओव्हाळ यांच्या खात्यात काहीच नाही, डॉ. इनामदार यांनी बुडापेस्ट येथे सहा महिने संयुक्त काम केलेले आहे. सबब डॉ. इनामदार पात्र, श्रीमती ओव्हाळ अपात्र.

क्षणभर विमलबाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. मग त्यांनी फाइल उघडली आणि बुडापेस्टचं पत्र टेबलावर आपटलं.

"हे वाचा. आणि वाचून परत सांगा मला, संयुक्त काम कुणाच्या खात्यात नाही ते."

"हा विषय आजच्या बैठकीपुढे नाही," बबनराव म्हणाले.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन त्यांनी बुडापेस्टला पत्र टाकलं. अकरा वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर, अकरा वर्षांपूर्वीच्या नावानं सही करून. कुणी असेल का, उत्तर येईल का, काही ठाऊक नव्हतं. इकडे सोपानराव सुट्टीच्या दिवशी आपणहून पुण्याला जात राहिले. ते ग्रंथ पुन्हा काढून त्यांनी एकशे सत्त्याऐंशी दाखल्यांतले मिळाले तेवढे मूळ लेख शोधले आणि प्रत्येकात बाईंविषयी काय लिहिलंय ते उतरवून घेतलं. इंग्रजी त्यांना जेमतेम, ते अक्षराला अक्षर चित्रासारखं उतरवत. "अवो, मोजायला मीच गेलतो ना," ते म्हणाले. "मग नुसता आकडा आणून कसं भागंल? आत काय हाय ते बी आणाय पायजे."

जुलैमध्ये उत्तर आलं. प्रमुखबाई अजून तिथंच होत्या. त्यांनी चार पानं लिहिली होती. आम्ही तुमची वाट पाहिली. तुम्ही काम सोडलंत हे वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडेही मुली अशाच जातात असं मी तेव्हा माझ्या सहकाऱ्यांना म्हणाले होते. जे गृहस्थ आले ते सभ्य होते, पण नळी भरणं त्यांना जमत नव्हतं, त्यांनी आणलेल्या वीस नळ्या संपल्यावर आम्ही आमच्या आम्हीच शिकलो. आमच्याकडे तिला अजून भालशंकर नळी म्हणतात. पत्रासोबत मूळ आमंत्रणाची प्रत होती आणि शेवटी एक वाक्य होतं : हे पत्र आपण कुठेही दाखवू शकता.

बाईंनी ते सोपानरावांनी उतरवलेल्या कागदांसह दिल्लीला दाखवलं, मुंबईला दाखवलं, अपिलाच्या प्रत्येक पायरीवर दाखवलं. दोन वर्षं गेली. संस्थेत काही जणांनी बोलणं टाकलं. काहींनी समजुतीच्या गोष्टी सांगितल्या, की बाई, तुमच्या लोकांना राखीव जागेतून पुढेमागे मिळेलच की, उगाच कशाला वैर घेता? तसं सांगणाऱ्या एकाला बाईंनी विचारलं, "माझ्या नळीत निळं कडं दिसतं ते राखीव आहे का?" तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये आदेश आला. अपील मान्य. शास्त्रज्ञ म्हणून नेमणूक, आदेशाच्या तारखेपासून. वर नाव होतं, श्रीमती विमल जयसिंग ओव्हाळ. बाईंनी तो परत पाठवला. राजपत्रात त्यांनी आधीच जुनं नाव परत घेतलं होतं. कस्तुरा भालशंकर-ओव्हाळ असा दुरुस्त आदेश द्यावा, म्हणून लिहिलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. हातात आलेलं कुणी परत करतं का? दुरुस्त आदेश यायला सात आठवडे लागले. तितके दिवस त्या जुन्याच टेबलाशी, जुन्याच हुद्द्यावर बसल्या.

आदेश आला त्या दिवशी संचालक स्वतः त्यांच्या टेबलाशी आले. "अभिनंदन, बाई. उशिरा का होईना, न्याय मिळाला."

"न्याय?" बाई म्हणाल्या. "माझंच होतं ते मला परत दिलंत, तेही दोन वर्षं दारोदार फिरवून. ज्यानं घेतलं त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. आणि ते सहा महिने कुठल्या आदेशानं मिळतात, सांगा. मी आज बेचाळीस वर्षांची आहे."

आदेशाचा कागद टेबलावर ठेवून संचालक निघून गेले.

त्याच वर्षी जूनमध्ये डॉ. इनामदार वरच्या हुद्द्यावरून सन्मानानं निवृत्त झाले. निरोपाची छापील पुस्तिका निघायची होती. विभागातली सर्वांत जुनी सहकारी म्हणून बाईंना एक पानभर मजकूर मागितला. बाईंनी तो त्याच दिवशी लिहून दिला. एकच वाक्य होतं : डॉ. इनामदार यांनी १९६९ साली माझ्या नावे आलेल्या आमंत्रणावर बुडापेस्ट येथे सहा महिने काम केले. खाली पूर्ण नाव, पूर्ण सही.

पुस्तिका छापून आली तेव्हा बाईंच्या मजकुराच्या जागी काचसामानाच्या एका दुकानाची जाहिरात होती. समारंभ दुपारी चारला होता. बाई सोपानरावांना बरोबर घेऊन सकाळच्या एस.टी.नं महाळुंग्याला नमुने आणायला गेल्या होत्या.